प्रतिवादी नंबर दोन

कांडला, १९ जानेवारी २०२५, रविवार

बाबा,

वर तीर्थरूप वगैरे लिहितात ते मला ठाऊक आहे. पण ते लिहिलं की पुढचं सगळं शाळेतल्या पत्रासारखं होईल. म्हणून नुसतं बाबा.

फोन केला की तुम्ही माझा नंबर बघता आणि फोन आईच्या हातात देता. आई विचारते, जेवलंस? मी म्हणतो, जेवलो. अडीच वर्षं एवढंच चाललंय. म्हणून कागद घेतला. अक्षर लागलं नाही तर तुमच्या लेकीकडून, रूपालीकडून वाचून घ्या. नको, तुम्हीच वाचा. चष्मा लावून वाचा.

मी बरा आहे. गोव्याचं हॉटेल सोडलं, रेडीला बार्जवर होतो ते सोडलं, आता इथे ड्रेजरवर आहे हे आईने सांगितलंच असेल. बंदराच्या तोंडातला गाळ उपसायचा आणि लांब नेऊन टाकायचा. आठ दिवसांत समुद्र तो परत आणून ठेवतो. आमचा सारंग, म्हणजे खलाशांचा मुकादम, म्हणतो, म्हणून तर आपली नोकरी टिकली आहे.

रूपालीने परवा फोनवर सांगितलं. कोर्टाच्या व्हरांड्यात आपले शेजारी भिकाजीकाका तुम्हाला म्हणाले की, रामचंद्रान माघी पुनवेक सातेरीसमोर नारळावर हात ठेवून सांगूदे, मधलो दगडांचो गडगो वादळाआधी होतो थंयच आसा, मी दावो मागे घेतंय. आणि तुम्ही जागच्या जागी म्हणालात, घेतंय शपथ. रापणीतले, तुमच्याबरोबर जाळं ओढणारे पाच जण तुमच्या बाजूला उभे राहून शपथ घेणार असंही ठरलं. वकिलांनाही सांगून टाकलंत.

बाबा, घेऊ नका.

एक तर तुमची साखर. पहाटेची आंघोळ, उपास, थंडी, तुम्हाला झेपणार नाही. दुसरं म्हणजे कोर्टाचं काम कोर्टात व्हावं. वकील कशाला दिलेत मग? देवीला त्यात घालू नये. आणि लोक काय, दोन्हीकडून बोलतात. शपथ घेतली तरी म्हणतील, चार हात जमिनीसाठी देवीला उठवली.

तुम्ही म्हणाल, ह्याला आज आमची काळजी कुठून आली. आली एवढं खरं.

उत्तर पाठवा. पत्ता मागे लिहिला आहे, एजंटाच्या ऑफिसचा. तिथून बोटीवर येतं.

नितेश

*

कांडला, २९ जानेवारी, बुधवार

बाबा,

उत्तर आलं नाही. रूपाली म्हणते पत्र पोचलं, तुम्ही वाचलंत, घडी केलीत आणि देवांच्या फळीवर ठेवलंत. काही बोलले का, मी विचारलं. म्हणाली, "बोलले ना. च्या थंड झाली म्हणाले."

तुम्हाला वाटत असेल मी दाव्यापासून पळालो. थोडं तसंच आहे. बेलीफ समन्स घेऊन आला तेव्हा मी घरीच होतो, मागच्या पडवीत. आईने सांगितलं झील मुंबईक गेलो, म्हणून त्याने माझं समन्स दारावर चिकटवलं. त्याच्यावर मोठ्या अक्षरात होतं, प्रतिवादी क्रमांक दोन. तुम्ही एक, मी दोन. आयुष्यात माझं नाव तुमच्या नावाखाली कुठे छापलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो. नंतर रेडीला रजिस्टर आलं. पोस्टमनला मीच सांगितलं, तो माणूस नोकरी सोडून गेला. म्हणून माझ्यापुरता दावा एकतर्फी चालतोय असं वकील म्हणाले ना? तुम्ही मात्र एकही तारीख चुकवली नाहीत. कोर्टाने मोजायला माणूस पाठवला तेव्हा टेपचं एक टोक तुम्ही धरलं होतंत, दुसरं भिकाजीकाकांनी. मोजून काय निघणार होतं? त्यांची जागा आणि आपली एकाच नंबरात, पोटहिस्सा कधी पाडलाच नाही. हद्द म्हणजे तो आजोबांचा गडगा आणि टोकावरचा माड. माड तौक्ते वादळात गेला, गडगा त्याच्याखाली सापडून पडला. मग हद्द सांगणार कोण?

रूपालीने वकिलांची गोष्ट सांगितली. तारखेला बसले असताना ते तुम्हाला म्हणाले की, रामचंद्र, तुम्ही जे करताय ते नवं नाही, चारशे वर्षांपूर्वी विलायतेत शहराशहरांच्या कोर्टात असंच चालायचं. एखाद्यावर दावा लागला की त्याने उभं राहून शपथ घ्यायची, मी देणं लागत नाही. त्याच्याबरोबर शेजारी उभे राहायचे, कधी सहा, कधी अकरा. त्यांना खरं काय झालं ते माहीत असायची गरज नाही. त्यांनी एवढंच सांगायचं की हा माणूस शपथेवर खोटं बोलत नाही. सगळ्यांची शपथ नीट झाली की दावा संपला, वादी रिकाम्या हाताने घरी. पण तिथेही बरेचसे दावे तिथवर पोचायचेच नाहीत. समोरचा बोलायला यावा एवढ्यासाठीच लावलेले असायचे, मधेच मिटायचे. आता आपल्या कोर्टात त्या शपथेला पुरावा मानत नाहीत, पण दोघांनी मिळून तडजोड लिहून दिली तर कोर्ट घेतं.

रूपाली हसत सांगत होती. मला हसू आलं नाही.

तिने आणखी एक सांगितलं. त्या विलायतेतल्या शहरात जो हाकेला यायचाच नाही, त्याची शहरात जी काही वस्तू असेल, दुसऱ्याच्या घरी असली तरी, ती अडकवून ठेवायचे. तो येऊन उभा राहीपर्यंत. हे ऐकल्यापासून डोक्यातून जात नाही. माझं गावात अडकवण्यासारखं काय आहे? सायकल गंजली. खोल्यांसाठी मी घातलेल्या जोत्यावर आई सुकट वाळवते. बाबा, तुम्हीच आहात फक्त.

आता एक सांगतो. गडगा मी घातला तेव्हा तुम्ही बांबोळीला होतात, आईच्या ऑपरेशनला. पाऊस डोक्यावर होता. आचऱ्याचे दोन गडी मिळाले, तीन दिवसांत उरकलं. दोरी लावली नव्हती. हातभर इकडेतिकडे झालं असेल. माणसाचा हात आहे. तर तुम्ही छातीठोक "होतो थंयच आसा" असं म्हणू नका. म्हणा, असेल. म्हणा, माझ्या समजुतीप्रमाणे. वकिलांना विचारा, असं म्हणता येतं का.

नितेश

*

कांडला, ३ फेब्रुवारी, सोमवार

बाबा,

मागच्या पत्रात मी हातभर लिहिलं. हातभर नव्हे.

तीन दिवस झाले, मी चुकीच्या वेळी चुकीची साखळी सोडतोय. सारंगाने विचारलं, घरी कोण आजारी आहे का. मी हो म्हणालो. आता लिहितो ते एका दमात लिहितो, खोडणार नाही, आणि स्पीड पोस्टने टाकतो. फोनवर सांगितलं असतं तर आईने तुमच्यापासून लपवलं असतं, आणि उद्या मीच म्हणालो असतो की असं मी बोललोच नाही. कागदावर असलं की माझं मलाच नाकारता येणार नाही.

त्या वेळी माझ्या डोक्यात पर्यटकांच्या दोन खोल्यांचं होतं. तुम्हाला आवडलं नव्हतं. तुम्ही म्हणालात, समुद्राकडे तोंड करून निजणाऱ्या माणसाक झोप येत नाय. मी जोतं आखलं. दोन खोल्या बसत होत्या, न्हाणीघर बसत नव्हतं. चार हात कमी पडत होते. मग वादळ आलं, माड पडला, गडगा पडला, तुम्ही आईला घेऊन गेलात. भिकाजीकाका आणि तुळसाकाकी लेकीकडे कणकवलीला होती, त्यांची कौलं उडाली होती म्हणून. वाडीत ज्याला त्याला आपापल्या छपराचं पडलं होतं.

मी उभा राहून बघितलं. दगड विखुरलेले. पाया मातीत होता तो कुदळीने उकरला. माडाचं खोड मुळासकट काढून समुद्रात सोडलं, खड्डा वाळूने भरला. आणि चार हात पलीकडे, त्यांच्या बाजूला, नवा गडगा उचलला. गड्यांना सांगितलं हीच हद्द. ते परगावचे, त्यांना काय.

मला वाटलं चार हात म्हणजे काय. त्यांची समुद्राकडची वाट तर राहतेच. माणूस जातो, बैल जातो. होडी जात नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही, असं लिहिणार होतो. आलं होतं. होडी जाणार नाही हे मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हटलं, होडी वर्षातून दोनदा ओढतात, बघू.

चार पावसाळे त्यांची होडी खाली वाळूतच प्लास्टिकखाली असते. मागच्या पावसात लाटेने तिचा एक पाटा, बाजूची फळी, उचकटला. हे मला रापणीतल्या बाबलीकाकाने फोनवर सांगितलं, मी विचारलं नसताना. पहिल्या वर्षी भिकाजीकाका सरळ आपल्या अंगणात येऊन म्हणाले होते, "नितेशा, गडगो जरा बघ रे." मी म्हणालो, काका, वादळात तुमची नजर हलली. लोक हसले. तेही हसले. दुसऱ्या वर्षी त्यांनी दावा लावला.

समन्स चिकटवलं त्या संध्याकाळी तुम्ही मला एकच विचारलंत. "गडगो सरळ घातलंस ना?" मी म्हणालो, होय. तुम्ही पुन्हा विचारलं नाहीत. माझ्याकडे जरा वेळ बघितलंत आणि पाय धुवायला गेलात. दुसऱ्या दिवशी पहाटे मी नांदगावला जाऊन गाडीत बसलो. सगळ्यांना सांगत फिरलो की बाबांनी खोल्या बांधू दिल्या नाहीत म्हणून घर सोडलं. खरं ते नाही. मला तुम्ही दुसऱ्यांदा विचाराल अशी भीती होती.

आता शपथेचं. तुम्ही खोटं बोलत नाही हे सगळ्या वाडीला ठाऊक आहे, म्हणूनच भिकाजीकाकांनी ही अट घातली. ते तुमच्यावर विश्वास ठेवून हरायला तयार झालेत. आणि ते पाच जण. बाबलीकाकाने मला रापणीच्या दोरात अडकलेलं बाहेर काढलं होतं, त्याच्या मांडीवर अजून त्या दोराचा वण आहे. तो नारळावर हात ठेवून म्हणणार, रामचंद्र खोटा बोलत नाय. तो खरंच बोलणार. तुम्हीही तुमच्याकडून खरंच बोलणार. सहा खरी माणसं मिळून माझं एक खोटं देवीसमोर पक्कं करणार. पुढे कोणाच्या घरी काही झालं, कोणी आजारी पडलं, कोणाची होडी बुडाली, तर मी काय करू? मी देवाबिवाला फार मानत नाही, तुम्हाला माहीत आहे. पण तुम्ही मानता. ते पाच जण मानतात. एवढं मला पुरे होतं.

तर बाबा, गडगा मी सरकवला. चार हात. मुद्दाम. हे मी, नितेश रामचंद्र, प्रतिवादी नंबर दोन, लिहून देतो. पत्र भिकाजीकाकांना दाखवा, वकिलांना द्या, कोर्टात लावा. काय करायचं ते करा, पण पुनवेला देवळात जाऊ नका.

नितेश

*

बोटीवरून, ११ फेब्रुवारी, मंगळवार

हे पत्र उद्याच्या आत पोचणार नाही, तरी लिहितोय, कारण हाताला दुसरं काही सुचत नाही.

चार दिवस आम्ही बाहेरच्या चॅनेलला आहोत. फोन लागत नाही. टॉवरवर चढून बघितलं, एक काडी येते आणि जाते. शनिवारी निघण्याआधी रूपालीला विचारलं, स्पीड पोस्ट आलं का. नाही म्हणाली. तुम्ही उपास धरलाय म्हणाली, बाबलीकाकाने दाढीसुद्धा केली म्हणाली, पाचही जण एकमेकांना चिडवतायत की कोणाच्या हाताखाली नारळ हलेल त्याने सगळ्यांना जेवण घालायचं.

मी तिला तेव्हाच फोनवर सांगायला हवं होतं. तोंड उघडलं होतं. ती म्हणाली, बोल ना. मी म्हणालो, थंडी आहे का तिकडे.

उद्या सकाळी आठला म्हणे.

*

कांडला, १५ फेब्रुवारी, शनिवार

बाबा,

काल बंदरात लागलो. लागल्या लागल्या रूपालीचा फोन. पाऊण तास बोलली. तिने जसं सांगितलं तसं लिहितो, चुकलं असेल तर तुम्ही सांगा.

पोस्टमन पुनवेच्या दिवशी सकाळीच आला. आदल्या संध्याकाळी पत्र आलं होतं आणि त्याला तुम्ही देवळात जाणार हे ठाऊक होतं, म्हणून वाटेतच दिलं. तुम्ही पाकीट उलटसुलट बघितलंत. रूपाली म्हणाली, वाचू काय? तुम्ही म्हणालात, "आता नको. माका जा सांगूचा आसा ता ठरला हा." आणि न फोडता सदऱ्याच्या खिशात घातलंत.

देवळात शंभरेक माणसं होती. भिकाजीकाका एका बाजूला, तुळसाकाकी खांबाला टेकून. पाच जण ओल्या पंच्यांत कुडकुडत. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, नारळ पुढे ठेवला. तुम्ही हात ठेवलात.  मग तुम्ही म्हणालात, "भिकाजी खरो. गडगो सरकलो हा. चार हात."

 भिकाजीकाकांनीच विचारलं, "कोणी सरकवलो?"

तुम्ही म्हणालात, "ता मी नाय सांगूचंय. ज्येचा त्येना सांगूचा."

मग बाबलीकाका म्हणे पंचा पिळत म्हणाला, "मगे आमी पाच जणांनी पहाटेच्यो आंघोळी कित्याक केल्यो?" आणि देवळात हसं झालं. तुम्हीही हसलात असं रूपाली म्हणते. ते मला खरं वाटत नाही, पण वाटावंसं वाटतं.

नंतर पायऱ्यांवर बसून तुम्ही तिच्याकडे पाकीट दिलंत. तिने वाचलं. "गडगा मी सरकवला, मुद्दाम" इथे आली तेव्हा तुम्ही म्हणालात, परत वाच. तिने परत वाचलं. तुम्ही पत्र घेऊन घडी केलीत आणि चालायला लागलात. रूपाली मागून विचारत होती, बाबा, तुमका कसा कळला, कधी कळला.  घरी आल्यावर तुम्ही तिला गडग्याजवळ नेलंत आणि एका दगडावर हात ठेवलात.

बाबा, मी तीस वेळा तुमच्याबरोबर गडग्यावर दगड देत उभा राहिलोय. तुम्ही दर वेळी सांगायचात, दगडाक तोंड आसता. पावसाच्या बाजूने वर्षानुवर्षं काळं पडतं ते तोंड. पडलेला गडगा पुन्हा घालताना ते तोंड पुन्हा पावसाकडेच ठेवायचं, नाहीतर दगड सोडतो. मी घाईत सगळे दगड जसे हाताला आले तसे लावले. अर्ध्याहून जास्त दगडांची काळी तोंडं आपल्या अंगणाकडे. ज्याने गावातले निम्मे गडगे घातले त्याच्या घरात. बांबोळीहून आलात त्या दिवशी तुम्ही गडग्यावर तळवा फिरवला होतात. मला वाटलं कौतुकाने. हा गडगा दोरी चुकून वाकडा झालेला नाही, कोणीतरी चोरासारखा घातलाय, हे तुम्हाला तेव्हाच कळलं, आणि किती सरकला ते तुमच्या पावलांना ठाऊकच होतं.

म्हणजे तुम्ही विचारलंत तेव्हा तुम्हाला उत्तर ठाऊक होतं.

रूपालीने तुम्हाला विचारलं म्हणे, मग शपथ घेतंय असं का म्हणालात, तेव्हाच का नाही सांगितलंत. तुम्ही म्हणालात, "कोर्टाची तारीख तो पाळणा नाय. म्हटला, देवीची तरी पाळतलो." तिने विचारलं, आणि पत्र आलंच नसतं तर? तुम्ही म्हणालात, "मी सांगलंय तसाच सांगलं असतंय. फक्त तेच्यानंतर पत्र फोडूक घावला नसता."

हे वाक्य मी काल दुपारपासून किती वेळा म्हटलं त्याची गणती नाही.

बाकीचंही तिने सांगितलं. पुनवेच्या दुपारपासूनच तुम्ही गडगा उतरवायला घेतलात. दगड भिकाजीकाका देतात, तुम्ही लावता, आणि दर दगडाला दोघांचं भांडण, हो नको, तो दी. तुळसाकाकी चहा घेऊन आली तेव्हा म्हणाली, दाव्यात असतानाच तुम्ही दोघे बरे होतात, निदान गप तरी असायचात. जुना पाया मी उकरला तरी त्याच्याखालची मुरमाची पट्टी होती, ती तुम्हाला बरोबर सापडली. जोत्याचा न्हाणीघराचा कोपरा त्या ओळीत येतो, तो तुम्ही फोडलात. आईने सुकट दुसरीकडे घातलं.

समुद्राकडच्या टोकाला चार हात गडगा तुम्ही घातलेला नाही. दगड रचून ठेवलेत, तोंडं एका बाजूला करून. भिकाजीकाका म्हणाले, आज उरकूया. तुम्ही म्हणालात, नको.

मला निरोप मात्र एवढाच पाठवलात: तीन मार्चला तारीख आहे, तडजोडीच्या कागदावर दोन नंबरच्या प्रतिवादीची सही लागते. वकील म्हणतात, तो हजर पाहिजे.

मी आज रजा मागितली. सारंग म्हणाला, कोण वारलं? मी म्हणालो, कोणी नाही, कोर्टात हजर व्हायचं आहे. तो म्हणाला, काय केलंस? मी त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. एवढं सगळं मी तोंडाने कोणाला पहिल्यांदाच सांगितलं. ऐकून तो म्हणाला, मग जा, नाहीतर तुझा बाप तेवढं भोक ठेवून मरेल.

एक मार्चला सकाळी नांदगावला उतरतो. न्यायला कोणी येऊ नका. भिकाजीकाकांकडे मी आधी एकटा जाणार, मग घरी. ते काय म्हणतील ते मला ऐकायचं आहे, तुमच्या मागे उभं राहून नाही. होडीचा पाटा बसवायला बाबलीकाकाला सांगून ठेवा, मी हाताखाली राहीन.

 

पाऊस पडला तरी, भिकाजीकाका घाई करू लागले तरी, ते टोकाचे चार हात दुसऱ्या कोणाला घालू देऊ नका. दोरी मी आणतो. दगड तुम्ही द्या.

नितेश